‘९९९९ इन १’ ते स्टीम: आपल्या गेम लायब्ररीची यादी कुणाच्या हातात?

ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलण्यातली काही वळणं तशीच ठेवली आहेत, सांभाळून घ्या.

गेम्सच्या इतिहासावर यूट्यूबवर पोत्यानं व्हिडिओ सापडतात. मारिओ कुणी बनवला, पहिला कन्सोल कुठला, सगळं. आज मला त्याच्या शेजारची, जरा दुर्लक्षित गोष्ट सांगायचीय: यादीची गोष्ट. घरात गेम आला की तो आपल्या संग्रहात ‘ॲड’ कसा व्हायचा, पुन्हा सापडायचा कसा, आणि एके दिवशी गायब का व्हायचा. ही गोष्ट मी शिरूर आणि दौंडमधून सांगणार आहे. मी शिरूरचा, आजोळ दौंडचं. दोन तालुक्यांच्या मधून भीमा वाहते. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती ओलांडताना माझ्या पिशवीत कपड्यांपेक्षा जास्त जपलेली वस्तू असायची ती गेमची कॅसेट.

आता नोकरीत मी सॉफ्टवेअर लिहितो. त्यामुळे कुठलंही टूल दिसलं की पहिला प्रश्न पडतो, हे नक्की काम काय करतं? गेम लायब्ररीचं कुठलंही टूल घ्या, ते चार प्रश्नांची उत्तरं देतं. एक, गेमची फाइल कुठंय? दोन, हा गेम नक्की कुठला? तीन, तो चालवायचा कसा? चार, आपण कुठपर्यंत पोचलो होतो, म्हणजे सेव्ह कुठंय? हे चार लक्षात ठेवा. पाचवा प्रश्न पुढे येईल, आणि खरा घोळ त्यातच आहे.

कॅसेटमधला मेन्यू

निन्टेन्डोचा फॅमिकॉम जपानमध्ये १५ जुलै १९८३ ला विक्रीला आला. आपल्याकडे तालुक्याच्या गावांत पोचल्या त्या बहुतेक त्याच्या नकला. नव्वदच्या दशकात आल्या आणि २००५ च्या पुढेही विकल्या जात होत्या. नाव वेगळं, खोका वेगळा, आतलं डोकं तेच. आपण त्याला ‘टीव्ही गेम’ म्हणायचो आणि कार्ट्रिजला ‘कॅसेट’. शिरूरच्या बाजारात नाही मिळाली, तर कुणीतरी पुण्याला जाणारा आणायचा. दौंडला जंक्शन असल्यामुळे तिकडं माल आणि माणसं दोन्ही लवकर पोचायची, त्यामुळे नवीन कॅसेट बघायला मिळायची ती आजोळी.

त्या कॅसेटवर लिहिलेलं असायचं ‘९९९९ इन १’. चालू केली की लांबलचक यादी यायची. मारिओ, कॉन्ट्रा, डक हंट, सर्कस चार्ली, बॉम्बरमॅन. खाली खाली जात राहिलं की लक्षात यायचं, तेच गेम पुन्हा पुन्हा येतायत. फक्त नाव जरा वेगळं, किंवा सुरुवात तिसऱ्या लेव्हलपासून. खरे वेगळे गेम हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

यात फसवणूक होती हे खरंच. पण त्यामागचं तंत्र भारी आहे. फॅमिकॉमच्या प्रोसेसरला एका वेळी ६४ किलोबाइटच पत्ते दिसतात. त्यातले साधारण अर्धे, ३२ किलोबाइट, कॅसेटमधल्या प्रोग्रॅमसाठी. अख्खा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (१९८५) प्रोग्रॅम आणि चित्रं धरून ४० किलोबाइटचा. आज व्हॉट्सॲपवर आलेला ‘शुभ सकाळ’चा फोटोसुद्धा बऱ्याचदा त्याहून मोठा असतो. मग एका कॅसेटमध्ये अनेक गेम कसे बसवायचे? चिप मोठी घ्यायची आणि तिची पानं पाडायची. मेन्यूत तुम्ही पाचवा गेम निवडला की मेन्यूचा छोटा प्रोग्रॅम कॅसेटमधल्या सर्किटला सांगतो, आता अमुक पान प्रोसेसरसमोर धर. पान उलटतं, गेम सुरू होतो. दुसऱ्या पानावरचं काही प्रोसेसरला दिसतसुद्धा नाही. याला ‘बँक स्विचिंग’ म्हणतात.

म्हणजे शिरूर-दौंडच्या घराघरांतलं पहिलं गेम लायब्ररी टूल हे होतं. फाइल कुठंय, चालवायची कशी, या दोन प्रश्नांची उत्तरं त्याच्याकडे होती. ओळखीच्या बाबतीत ते थापा मारायचं. आणि सेव्ह? सेव्हचा पत्ताच नव्हता. २००५ ते २००८ च्या सुमाराला ग्रामीण महाराष्ट्रात भारनियमन किती तास असायचं हे मोठ्या भावंडांना विचारा. आठव्या वर्ल्डमध्ये पोचलेला मारिओ लाइट गेली की पुन्हा पहिल्या पाइपपाशी. आमच्याकडे गेम संपवण्याचं वेळापत्रक महावितरणच्या वेळापत्रकावर ठरायचं.

एमएस-सीआयटीच्या क्लासमधलं फोल्डर

पुढचा टप्पा कॉम्प्युटरचा. घरी कॉम्प्युटर येण्याआधी आपल्यापैकी बऱ्याच जणांना तो दिसला क्लासमध्ये. २००२ पासून एमकेसीएलचा एमएस-सीआयटी कोर्स सुरू झाला आणि तालुक्यांच्या गावांत सेंटर निघाली. मोठी मुलं तिथं वर्ड आणि एक्सेल शिकायची, आणि सर बाहेर गेले की ‘डेव्ह’ चालू. तो ‘डेंजरस डेव्ह’ जॉन रोमेरोनं १९८८ मध्ये ॲपल टू कॉम्प्युटरसाठी बनवला होता. अमेरिकेतली मुलं त्याला विसरूनही गेली असतील, पण आपल्याकडच्या शाळा-क्लासच्या लॅबमध्ये तो पुढं कितीतरी वर्षं जिवंत होता.

तो टिकला कसा? लपवाछपवीमुळे! सर डेस्कटॉपवरचे गेम पुसायचे, म्हणून पोरं तो ‘न्यू फोल्डर’च्या आतल्या ‘न्यू फोल्डर’मध्ये ठेवायची. कुठल्या नंबरच्या मशीनवर, कुठल्या ड्राइव्हमध्ये, हे तोंडी पुढच्या बॅचला कळायचं. लायब्ररीची यादी माणसांच्या डोक्यात होती. बॅच बदलली आणि सांगणारा राहिला नाही, की गेम डिस्कवर असूनही नसल्यासारखा.

सायबर कॅफेत वेगळी तऱ्हा. डेस्कटॉपवर ‘व्हाइस सिटी’, ‘रोड रॅश’ आणि ‘काउंटर-स्ट्राइक’चे आयकॉन. व्हाइस सिटीचं सेव्ह माय डॉक्युमेंट्समधल्या एका वेगळ्या फोल्डरमध्ये जातं, गेमच्या फोल्डरमध्ये नाही. हे ज्याला माहीत होतं तो पोरगा पेनड्राइव्हवर आपलं सेव्ह घेऊन फिरायचा आणि कॅफेत त्याचा रुबाब असायचा. बाकीच्यांचं मिशन दुसऱ्या दिवशी कुणीतरी ओव्हरराइट केलेलं.

याच काळात मायक्रोसॉफ्टनं यादीचा प्रश्न अधिकृतपणे सोडवायचा प्रयत्न केला होता. जानेवारी २००७ मध्ये बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टामध्ये ‘गेम्स एक्सप्लोरर’ होतं. गेम बनवणाऱ्यानं नाव, कंपनी, वयोगट अशी माहिती गेमसोबतच द्यायची आणि विंडोजनं ती वाचून शेल्फ लावायचं. कल्पना चांगली. पण आमच्या भागातले गेम येत होते कुणाकडून तरी कॉपी केलेल्या सीडीवरून किंवा फोल्डर उचलून. इन्स्टॉलच न झालेला गेम शेल्फवर कसा येणार? पुढं २०१८ च्या विंडोज १० च्या अपडेटमध्ये ते काढूनच टाकलं.

डाउनलोडिंगचं दुकान

आता येतो तो काळ ज्याच्यावर मला वाटतं कुणीतरी पीएचडी करायला हवी. मोबाइल रिपेअरिंगचं दुकान, काचेवर स्टिकर, ‘रिचार्ज, डाउनलोडिंग’. तुम्ही मेमरी कार्ड काढून द्यायचं, दादा ते रीडरमध्ये घालणार आणि विचारणार, ‘गाणी का गेम? मोबाइल कुठला?’

मोबाइल कुठला, हा प्रश्न उगाच नव्हता. तेव्हाच्या जावा फोनवरचे गेम स्क्रीनच्या मापाप्रमाणे बनायचे. १२८ बाय १६० चा वेगळा, २४० बाय ३२० चा वेगळा. चुकीचा घातला तर गेम कोपऱ्यात चालायचा किंवा चालायचाच नाही. दादाच्या हार्ड डिस्कवर म्हणून मापाप्रमाणे फोल्डर, आत कंपनीप्रमाणे फोल्डर, आणि क्रिकेटचं कायम वेगळं फोल्डर. शिरूरला एसटी स्टँडच्या आसपास आणि दौंडला स्टेशनच्या बाहेर अशी दुकानं मी स्वतः पाहिली आहेत. रांजणगाव आणि कुरकुंभ एमआयडीसीत कामाला आलेली परप्रांतातली पोरं पगाराच्या दिवशी कार्ड भरून घ्यायला यायची, त्यामुळे त्या डिस्कवर भोजपुरी गाण्यांशेजारी मराठी लावण्या आणि त्यांच्याशेजारी रेसिंगचे गेम.

सॉफ्टवेअरवाल्याच्या नजरेनं बघितलं तर तो दादा म्हणजे अख्खं लायब्ररी सॉफ्टवेअर होता. वर्गवारी, शोध, कुठल्या फोनला काय चालेल याची तपासणी, शिफारस, सगळं एका माणसात. आणि जावा गेमची फाइलसुद्धा गुणी होती. ‘जार’ फाइल म्हणजे आतून झिप फाइल. तिच्यात मॅनिफेस्ट नावाचा साधा मजकूर असतो. त्यात गेमचं नाव, बनवणारा, आवृत्ती लिहिलेली. फाइलचं नाव काहीही ठेवा, फोन आतलं नाव वाचून दाखवणार. फॅमिकॉमच्या गेमची कॉम्प्युटरवर जी फाइल बनते, तिच्या सर्वांत प्रचलित प्रकारात सुरुवातीला १६ बाइटचं हेडर असतं. त्यात चिप किती मोठी, पान उलटायची पद्धत कुठली, हे सगळं आहे. फक्त गेमचं नाव नाही!

शिरूर, पण कुठलं शिरूर?

इथं आपण दुसऱ्या प्रश्नावर येतो: हा गेम नक्की कुठला? फाइलच्या नावावर विश्वास ठेवता येत नाही. आपल्या लोकांना हे समजावणं सोपं आहे. तुम्ही शिरूर म्हणालात तर बीड जिल्ह्यात शिरूर कासार आहे, लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ आहे, म्हणून आमचं ‘शिरूर घोडनदी’. दौंडचं उलटं. गाव एकच, पण इंग्रजांच्या कागदात ‘धोंड’, आज ‘दौंड’. रेल्वेला त्यानं फरक पडत नाही, कारण तिच्या लेखी दौंडचा कोड ‘डीडी’ आहे. नाव कसंही लिहा, कोड एकच.

गेम्सना असा कोड कुणी दिला? हौशी लोकांनी. फाइलमधल्या सगळ्या बाइटवर एक गणित करायचं, त्यातून एक आकडा निघतो. सीआरसी-३२ नावाच्या पद्धतीत असे सुमारे ४२९ कोटी आकडे शक्य आहेत. एक बाइट जरी बदलला तरी आकडा बदलतो. जगभरच्या हौशी मंडळींनी आपापल्या अस्सल कार्ट्रिजमधून डेटा काढून अशा आकड्यांच्या याद्या बनवल्या. ‘नो-इन्ट्रो’ हा त्यातला नावाजलेला प्रकल्प. आज तुम्ही अँड्रॉइडवर रेट्रोआर्क टाकून एखादं फोल्डर स्कॅन करता, तेव्हा तो आकडा काढतो, यादीशी ताडून बघतो आणि बरोबर नाव लावतो. फाइलचं नाव ‘गेम१’ असलं तरी चालतं.

गंमत आपल्या बाजूची. आपल्या कॅसेटमधला ‘टँक १९९०’ आठवतो? मूळ गेम नाम्कोचा ‘बॅटल सिटी’, १९८५ चा. ‘टँक १९९०’ ही त्याची कुणीतरी बदल करून काढलेली चोरटी आवृत्ती. मूळ गेमच्या आकड्याशी तिचा आकडा जुळणार नाही. म्हणजे आपण लहानपणी जो खेळलो, तो फक्त अस्सल गेम्सच्या यादीत सापडतच नाही. त्यासाठी नकलांचीही नोंद ठेवणारे वेगळे हौशी लागतात. इतिहास कुणाचा लिहिला जातो, हा प्रश्न इतक्या बारीक जागीसुद्धा येतो बघा.

यादी कंपनीच्या सर्व्हरवर गेली

१२ सप्टेंबर २००३ ला व्हॉल्व्ह कंपनीनं स्टीम सुरू केलं. सुरुवातीला ते मुख्यतः अपडेट पोचवायचं साधन होतं. नोव्हेंबर २००४ मध्ये ‘हाफ-लाइफ २’ आला आणि तो खेळायला स्टीम सक्तीचं झालं. लोक वैतागले. पण हळूहळू चारही प्रश्न स्टीमनं एका खिडकीत सोडवले. फाइल तेच आणणार, ओळख त्यांच्याकडेच पक्की, चालवायला एक बटण, आणि २००८ पासून सेव्हसुद्धा क्लाउडवर. बाहेरचा गेम असेल तर ‘ॲड अ नॉन-स्टीम गेम’, ज्यात स्टीम फक्त तुमच्या फाइलचा पत्ता लिहून ठेवतं.

आमच्याकडे हे सगळं उशिरा पोचलं. डॉलरमधल्या किमती आणि इंटरनॅशनल कार्ड, दोन्ही आमच्या घरात नव्हतं. २०१५ च्या अखेरीस स्टीमवर रुपयात किमती दिसायला लागल्या, सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, आणि मग शिरूरमधला पोरगाही गेम विकत घ्यायला लागला. डिसेंबर २०१८ मध्ये एपिक गेम्स स्टोअर निघालं, फुकट गेम वाटायला लागलं. थोडे गेम स्टीमवर, थोडे एपिकवर, थोडे जीओजीवर. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं बनवलेला ‘राजी’ (२०२०) मी कुठल्या दुकानातून घेतला होता हे शोधायला मला तीन ॲप उघडायला लागायची.

यावर उपाय म्हणून सगळ्या दुकानांची यादी एकत्र करणारी टूल्स आली. जीओजी गॅलक्सी २.० आहे. विंडोजवर प्लेनाइट आहे, मुक्त स्रोत, आणि त्याचा डेटाबेस तुमच्याच डिस्कवर राहतो. लिनक्सवर लुट्रिस आणि हिरोइक आहेत. पुन्हा तोच दुकानातला दादा, फक्त आता सॉफ्टवेअरच्या रूपात.

पाचवा प्रश्न

आता तो राहिलेला प्रश्न: परवानगी कुणाची?

कॅसेटला परवानगी लागत नव्हती. घातली, चालली. आज तसं नाही, हे आपल्या पिढीला एका रात्रीत कळलं. २ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारनं ११८ ॲप्सवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल होता. ३० ऑक्टोबरला भारतातले सर्व्हर बंद. फोनमध्ये फाइल होती, नाव होतं, उघडायला आयकॉन होता. गेम नव्हता. पुढं २ जुलै २०२१ ला बीजीएमआय आला, २८ जुलै २०२२ ला स्टोअरवरून गायब झाला, मे २०२३ मध्ये परत आला. बंदी योग्य का अयोग्य हा आजचा विषय नाही. मुद्दा एवढाच, की जमवलेले स्किन, रँक, मित्रांची यादी, यातलं काहीही आपल्या हातात नव्हतं.

आणि हे फक्त सरकारमुळे होतं असं नाही. युबिसॉफ्टनं २०१४ मध्ये आणलेला ‘द क्रू’ हा रेसिंग गेम ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद करून संपवला. ज्यांनी पैसे मोजले त्यांनाही तो आता खेळता येत नाही. यानंतर कॅलिफोर्नियानं कायदा केला, १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. डिजिटल वस्तूचा फक्त परवाना देत असाल तर तसं ग्राहकाला स्पष्ट सांगा. स्टीमवर पैसे भरताना तशी ओळ आता दिसते. म्हणजे ‘माय लायब्ररी’ हे नाव आहे, पण खरं तर ती कंपनीच्या वहीतली आपल्या नावाची नोंद आहे.

मी जुन्या काळाचे गोडवे गात नाहीये. कॅसेट चोरीची होती, डाउनलोडिंगच्या दुकानातला माल चोरीचा होता, आणि ज्यांनी ते गेम बनवले त्यांना शिरूर-दौंडमधून छदाम मिळाला नाही. आज गेम बनवून पोट भरणारी पोरं पुण्यातही आहेत, त्यांचे पैसे त्यांना मिळालेच पाहिजेत. पण त्या चोरीच्या काळात यादी आपल्या हातात होती, आणि पैसे मोजायच्या काळात ती हातातून निसटली, हेही तितकंच खरं आहे. दोन्ही एकत्र जमायला हवं. जीओजीवर विकत घेतलेल्या गेमचा इन्स्टॉलर आपल्या डिस्कवर ठेवता येतो. म्हणजे अशक्य काही नाही.

मग करायचं काय?

पहिलं, आपली यादी आपण लिहा. एक साधी शीट: गेम, कुठल्या दुकानातून, कधी घेतला. अकाउंट गेलं तरी काय गेलं ते तरी कळेल.

दुसरं, सेव्ह वेगळे ठेवा. कॉम्प्युटरवर लुडुसावी नावाचं मुक्त स्रोत टूल आहे, ते गेम्सची सेव्ह फोल्डर शोधून बॅकअप घेतं. कुठल्या गेमचं सेव्ह कुठं जातं याची माहिती पीसीगेमिंगविकीवर हौशी लोकांनीच जमवली आहे. कायदेशीर घेतलेल्या प्रोग्रॅमची बॅकअप प्रत ठेवायला आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्येही मुभा आहे.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं. माळ्यावरची कॅसेट खाली काढा, मेन्यूचे फोटो घ्या. ड्रॉवरमधलं जुनं मेमरी कार्ड कॉम्प्युटरला लावून बघा. जावा गेम सापडले तर अँड्रॉइडवरचं जे२एमई लोडर ते आजही चालवतं. गावातल्या डाउनलोडिंगच्या दुकानातल्या दादाला विचारा, जुनी हार्ड डिस्क आहे का अजून, फोल्डर कसे लावले होते? फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला बंद झालं तेव्हा फ्लॅशपॉइंटवाल्या हौशी लोकांनी लाखाहून जास्त गेम आणि ॲनिमेशन वाचवले, कारण त्यांनी बंद व्हायच्या आधीच जमवायला सुरुवात केली होती. शिरूर-दौंडची ही यादी तयार करायला अमेरिकेतून कुणी येणार नाही. आणि हार्ड डिस्क फार वर्षं वाट बघत नाही.

तुमच्या गावातल्या कॅसेटच्या मेन्यूत कुठलं विचित्र नाव होतं, ते मला नक्की कळवा. पुढच्या भागात भेटू. तोवर बॅकअप घ्या!